दोन तारांचे वर्तुळ : ओरेगनमधील तारनियंत्रित विमाने आणि त्यांची मैदाने

तारनियंत्रित प्रतिकृती विमान स्वतःच्या इंजिनावर उडते, पण मोकळे सुटत नाही. उडवणारा मैदानाच्या मध्यभागी हातात मूठ धरून उभा असतो. मुठीपासून विमानाच्या डाव्या पंखापर्यंत दोन बारीक पोलादी तारा गेलेल्या असतात आणि खळ्यात तिवड्याभोवती बैल फिरावेत तसे विमान त्याच्याभोवती फिरत राहते. पंखाच्या आत एक छोटी तरफ बसवलेली असते. तिला बेलक्रँक म्हणतात. मूठ वर कलली की एक तार ओढली जाते, तरफ फिरते, शेपटीवरची फळी वर उचलली जाते आणि विमान चढते. मूठ खाली कलली की ते उतरते. डावी-उजवीकडे वळवण्याची सोय नसते, कारण वळण तारांनीच ठरवून दिलेले असते.

एवढ्या साध्या योजनेमागे बरेच बळ काम करते. १८ मीटर लांबीच्या तारांवरचे विमान ५ सेकंदांत एक फेरी घेत असेल, तर त्याचा वेग ताशी ८० किलोमीटरच्या आसपास असतो आणि ते स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट जोराने बाहेर ओढत असते. दीड किलोचे विमान हाताला चार किलोंहून अधिक ओढ देते. हा ताण टिकला तरच तारा काम करतात. वाऱ्याने विमान आत ढकलले गेले आणि तारा सैल पडल्या, तर मुठीचा उपयोग संपतो. म्हणून तारनियंत्रित उड्डाणात ओढ हे संकट नसून आधार असतो.

या खेळाचा उगम आणि त्याची सर्वांत चिवट परंपरा, दोन्ही अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात सापडतात. पोर्टलंड हे ओरेगन राज्यातील सर्वांत मोठे शहर. त्याच्या पूर्वेला ग्रेशम हे शहर आहे. जून १९३६ मध्ये ग्रेशमजवळ ओबा सेंट क्लेअर यांनी इंजिनावर चालणारे प्रतिकृती विमान तारांच्या साहाय्याने उडवले. अशा उड्डाणाचा हा सर्वांत जुना ज्ञात प्रयोग मानला जातो. त्यांच्या हातातले साधन आजच्या सुटसुटीत मुठीसारखे नव्हते. घराच्या छपरावरच्या जुन्या टीव्ही अँटेनासारखा तो मोठा सांगाडा होता आणि त्याला अनेक दोऱ्या जोडलेल्या होत्या. सेंट क्लेअर यांनी त्याचा व्यापार केला नाही. त्यामुळे हा प्रयोग जवळपासच्या लोकांपुरताच राहिला आणि पुढची वीस वर्षे त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही.

त्या काळात इंजिनाची प्रतिकृती विमाने मोकळीच उडवली जात. इंधन मोजून घालायचे, विमान सोडायचे आणि ते उतरेल तिथपर्यंत धावत जायचे, अशी रीत होती. महिनोन्महिने खपून बांधलेले विमान झाडात अडकून किंवा नजरेआड होऊन कायमचे जाई. विमान दोरीला बांधण्याची कल्पना या हानीतून अनेकांना एकाच सुमारास सुचली. टेक्सासमधील शुलेनबर्ग येथे व्हिक्टर स्टँझेल यांनी ‘जी-लाइन’ नावाची पद्धत काढली. तिच्यात काठीच्या टोकाला एकच दोरी असे आणि काठी वर-खाली करून विमानाची उंची राखली जाई. मात्र विमानाच्या शेपटीपर्यंत हाताचा हुकूम पोचवणारी, दोन तारा आणि बेलक्रँक यांची पद्धत लोकांच्या हाती दिली ती पोर्टलंडच्या नेव्हिल्स ई. वॉकर यांनी. जिम वॉकर या नावाने ते ओळखले जात.

वॉकर यांची ‘अमेरिकन ज्युनियर एअरक्राफ्ट’ ही कंपनी पोर्टलंडमध्ये बाल्सा लाकडाची खेळण्यातली विमाने बनवीत असे. १९४० च्या सुमारास त्यांनी आपल्या पद्धतीला ‘यू-कंट्रोल’ हे नाव दिले. इंग्रजीतील ‘यू’ म्हणजे ‘तुम्ही’. विमान सोडून बघत बसू नका, तुम्हीच चालवा, असा त्या नावाचा रोख होता. ‘फायरबॉल’ या विमानाचा संच त्यांनी बाजारात आणला आणि पद्धतीचे पेटंटही मिळवले. वॉकर कारखानदार होते तसेच जातिवंत खेळिया होते. दोन हातांत दोन विमाने आणि तिसरे डोक्यावरच्या टोपीला बांधलेले, अशी तीन विमाने ते एकाच वेळी उडवून दाखवीत. पतंगाच्या आसारीसारखी तार गुंडाळून ठेवणारी ‘यू-रीली’ ही मूठही त्यांचीच. अशा प्रात्यक्षिकांमुळे जाहिरातीपेक्षा वेगाने हा खेळ पसरला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाल्सा लाकूड लष्करी कामासाठी राखून ठेवले गेले आणि छंदासाठी ते दुर्मीळ झाले. वॉकर यांच्या कंपनीचे ‘इंटरसेप्टर’ हे घडीच्या पंखांचे, रबराच्या ताणाने फेकायचे ग्लायडर मात्र लष्कराने तोफचींच्या सरावासाठी वापरले. युद्ध संपले तेव्हा विमानांची ओढ असलेली, हाताने काम करायला सरावलेली तरुण पिढी घरी परतली आणि खेळाला भरती आली. वायव्य भागात सिएटल हे बोईंग कंपनीचे शहर असल्याने विमान हा तिथल्या घराघरांतला विषय होता.

इंजिनातही याच वेळी मोठा बदल झाला. आधीच्या इंजिनांना ठिणगीसाठी बॅटरी, कॉइल आणि कंडेन्सर लागत आणि हे सारे ओझे विमानाला वाहावे लागे. १९४७ मध्ये रे आर्डेन यांचा ग्लो प्लग बाजारात आला. या प्लगमधली बारीक तार सुरुवातीला बॅटरीने तापवायची. इंजिन एकदा सुरू झाले की ज्वलनाच्या उष्णतेवर ती स्वतःच लालबुंद राहते. बॅटरी जमिनीवरच राहिली आणि विमान हलके झाले. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि एरंडेल तेल यांचे मिश्रण हे नवे इंधन ठरले. जळक्या एरंडेलाचा वास या मैदानांची ओळख बनला. त्यानंतर आलेल्या ‘फॉक्स ३५’ या सुमारे ६ घनसेंटिमीटरच्या इंजिनाने आणि ‘रिंगमास्टर’सारख्या स्वस्त संचाने सामान्य घरातल्या मुलालाही खेळ परवडू लागला.

स्पर्धांचे प्रकारही वाढले. कसरतीच्या स्पर्धेत गोल, चौकोनी आणि आडवे-उभे आठचे आकडे, तसेच उलटे उड्डाण ठरलेल्या क्रमाने करावे लागते आणि पंच प्रत्येक आकृतीला गुण देतात. झुंजीच्या स्पर्धेत दोन विमानांच्या शेपटीला कागदी फिती बांधतात. एकाच वर्तुळात दोघेजण खांद्याला खांदा लावून विमाने उडवतात आणि प्रतिस्पर्ध्याची फीत पंख्याने कापायची असते. संक्रांतीतली काटाकाटी जणू इंजिन लावून चालते. वेगाची स्पर्धा केवळ घड्याळाशी असते. शर्यतीत अनेक विमाने एकत्र फिरतात, मध्येच उतरून इंधन भरतात आणि पुन्हा उडतात. विमानवाहू जहाजाच्या स्पर्धेत जमिनीवर मांडलेल्या लाकडी डेकवरून आरमारी विमानाची प्रतिकृती उडवायची, आधी जलद आणि मग शक्य तितक्या संथ फेऱ्या घ्यायच्या आणि शेवटी आकड्याने दोर पकडून डेकवरच उतरायचे असते. हाच खेळ पुढे जगभर गेला. भारतात एनसीसीच्या हवाई शाखेतील छात्र तो आजही शिकतात.

या सर्व प्रकारांत एकट्या माणसाचे फारसे चालत नाही. उडवणारा मध्यभागी मूठ धरून उभा असताना इंजिन सुरू करून विमान धरायला आणि इशारा होताच सोडायला दुसरा माणूस लागतो. झुंजीला प्रतिस्पर्धी हवा आणि कसरतीला पंच हवेत. सर्वांनाच वर्तुळाएवढी मोकळी, सपाट जागाही हवी. उडवणाऱ्यांची मंडळे या गरजांतून बनली. वायव्य भागाच्या हवामानाने त्यांना आणखी एक शिस्त लावली. पोर्टलंड आणि सिएटल परिसरात पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. त्यामुळे हिवाळा गॅरेजमध्ये बाल्सा कापण्यात, पंखांवर कागद किंवा रेशीम चढवून ते ताणून धरणारे डोप नावाचे रोगण फासण्यात जाई आणि वसंतापासून मैदाने जागी होत.

खेळ भरात असतानाच त्याच्या जन्माचा वाद न्यायालयात पोचला. पेटंट हाती असल्याने ही पद्धत वापरणाऱ्या इतर उत्पादकांकडे परवान्याची मागणी करण्याचा हक्क वॉकर यांच्याकडे होता. कॅलिफोर्नियातील लेरॉय एम. कॉक्स यांची कंपनी छोट्या इंजिनांची तयार विमाने विकत होती. वॉकर यांनी त्यांच्यावर दावा लावला. बचाव पक्षाला ग्रेशमचा तो १९३६ चा प्रयोग सापडला. पेटंटच्या आधी तारांवर विमान उडाले होते, हे सेंट क्लेअर यांच्या कामावरून दिसले आणि १९५५ मध्ये पेटंट रद्द ठरले. पोर्टलंडच्या उद्योजकाचा हक्क बुडाला तो त्याच परिसरातल्या, नफ्याच्या वाटेला न गेलेल्या शोधकामुळे. निकालानंतर कोणाच्याही परवानगीवाचून ही विमाने बनवता येऊ लागली. कॉक्स यांच्या तयार प्लॅस्टिक विमानांमुळे, सुमारे ०.८ घनसेंटिमीटरच्या इंजिनाचा कर्कश आवाज पुढच्या दोन दशकांत अमेरिकेतल्या असंख्य गल्ल्यांत घुमला. वॉकर १९५८ मध्ये वारले. त्यांचे नाव मात्र खेळात पक्के राहिले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कसरत स्पर्धेतील सर्वोच्च मान वॉकर करंडकाचा आहे. वॉशिंग्टन राज्यातील पॉल वॉकर यांनी तो अनेकदा जिंकला आणि या कोपऱ्याची ख्याती टिकवली.

उतार १९६० च्या दशकात सुरू झाला. रेडिओ नियंत्रणाची यंत्रे विश्वासार्ह आणि हळूहळू स्वस्त झाली, तेव्हा विमानाला तारेने बांधून ठेवण्याचे मूळ कारणच उरले नाही. दुसरे संकट जागेचे होते. शाळांची मैदाने आणि मोकळी रानेच या खेळाची वर्तुळे होती. शहरे पसरली तशी तिथे घरे आली आणि इंजिनाचा आवाज शेजाऱ्यांना नकोसा झाला. पोलादी तार विजेची उत्तम वाहक असल्याने वीजवाहिन्यांजवळ उडवणे जिवावर बेतू शकते. म्हणून प्रत्येक रिकामी जागाही चालत नाही. रेडिओवाले शहराबाहेर दूर जाऊ शकले. तारवाल्यांना लागणारी जागा लहान होती, पण ती वस्तीच्या जवळ, सपाट आणि रिकामी हवी होती. नेमकी तशीच जागा आधी संपत गेली.

वायव्य भागातली मंडळे या काळात दोन आधारांवर टिकली. एक आधार कायमच्या जागेचा होता. महायुद्धात जहाजबांधणी कामगारांसाठी पोर्टलंडजवळ व्हॅनपोर्ट ही वसाहत उभारली होती. तिची वस्ती एके काळी सुमारे ४०,००० पर्यंत गेली. ३० मे १९४८ रोजी कोलंबिया नदीच्या पुराने बांध फुटून ती वाहून गेली. त्या पूरग्रस्त भागात पुढे डेल्टा पार्क हे विस्तीर्ण उद्यान झाले. त्याच्या पूर्व भागात तारनियंत्रित विमानांसाठी राखलेले मैदान आहे आणि त्याला जिम वॉकर यांचे नाव आहे. तिथे उडवणाऱ्या क्लबचे नाव ‘नॉर्थवेस्ट फायरबॉल्स’. वॉकर यांच्या पहिल्या संचाची आठवण त्यात जपलेली आहे.

दुसरा आधार नियमित भेटीचा होता. १९७० च्या दशकापासून ओरेगनमधील युजीनच्या विमानतळ परिसरात मे महिन्याच्या शेवटच्या जोडसुटीत प्रादेशिक स्पर्धा भरू लागल्या आणि पुढे काही वर्षे त्या रोझबर्ग येथे झाल्या. कसरत, झुंज, शर्यत, वेग, विमानवाहू जहाज, सारे प्रकार एकाच ठिकाणी होत असल्याने वेगवेगळ्या शाखांचे लोक एकमेकांना ओळखू लागले. १९७९ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्लाइंग लाइन्स’ या वार्तापत्राने निकाल, आराखडे आणि इंजिन जुळवण्याच्या युक्त्या गावोगाव पोचवल्या. पुस्तकांत न सापडणारी माहिती, जसे तारांच्या टोकांना मजबूत फास कसा घालावा किंवा थंड हवेत इंधनाची सुई किती उघडावी, अशाच वाटेने एका पिढीकडून दुसरीकडे गेली.

जुन्या विमानांबद्दलची आस्थाही संघटित झाली. १९५३ पूर्वीच्या आराखड्यांसाठी ‘ओल्ड टाइम’ कसरतीचा आणि १९७० पूर्वीच्या आराखड्यांसाठी ‘क्लासिक’ कसरतीचा स्वतंत्र गट निर्माण झाला. रिंगमास्टरसारखी विमाने पुन्हा बांधली जाऊ लागली. दुसरीकडे लिथियम बॅटरी आणि विद्युत मोटर यांनी आवाजाचा प्रश्न बराच सोडवला. विद्युत विमानाचा वेग फेरीभर एकसारखा राहतो आणि इंजिन ऐन कसरतीत बंद पडण्याची धास्ती राहत नाही. म्हणून वरच्या दर्जाचे अनेक स्पर्धकही तिकडे वळले. एरंडेलाचा वास कमी झाला, पण मूठ, बेलक्रँक आणि दोन तारा यांत फारसा फरक पडला नाही. मध्ये उभा असलेला माणूस, बाहेर विमान धरून इशाऱ्याची वाट पाहणारा सोबती आणि दोघांमधली १८ मीटरची ताणलेली तार, ही मांडणी अजून तशीच आहे.