डोंगरीच्या तुरुंगात भरलेली शाळा

अपराधी मुलास कैदेत न टाकता एखाद्या कारागिराच्या हाताखाली उमेदवार म्हणून बांधून देण्याची मुभा 1850 च्या कायद्याने मॅजिस्ट्रेटास मिळाली खरी. तथापि अशा मुलाची जबाबदारी फौजदार आणि शाळामास्तर या दोघांनी मिळून उचलावी, ही कल्पना मुंबई इलाख्याच्या सरकारदरबारी रुजण्यास पाऊण शतक जावे लागले. 1924 साली मुंबईचा मुलांविषयीचा कायदा झाला, 1927 साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि उमरखाडीच्या ज्या डोंगरी तुरुंगात 1882 साली टिळक व आगरकर, म्हणजे न्यू इंग्लिश स्कूलचे दोन तरुण शिक्षक, 101 दिवस डांबले गेले होते, तेथेच पुढे मुलांचे रिमांड होम आले. हा योगायोग आगरकरांना खचितच रुचला असता!

नव्या व्यवस्थेत पोलिसाने आणलेल्या मुलाची हकीकत केवळ ठाण्याच्या दप्तरावरून ठरत नसे. प्रोबेशन अधिकारी त्याच्या घरी जाई, शाळेत जाऊन हेडमास्तरांकडे चौकशी करी, आणि मग अदालतीस अहवाल सादर होई. पोरगे कोणत्या महिन्यापासून गैरहजर राहू लागले, हे हजेरीपटावरून कळे. आणि माझ्या मते पुष्कळदा पंचनाम्याहून तो हजेरीपटच अधिक बोलका असे. पोलीस खात्याने मात्र बालकांसाठी स्वतंत्र पथक नेमले ते स्वातंत्र्यानंतर, 1952 साली, मुंबई शहरात.