तीन अक्षरं, ६४५ अर्थ

इंग्रजीतला सगळ्यात जास्त अर्थांचा शब्द कोणता असेल? मला वाटलं होतं, एखादा भारदस्त लॅटिन शब्द असणार. पण तो निघाला 'रन'. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात या क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजलेत. पीटर गिलिव्हर नावाच्या कोशकाराने या एका शब्दावर नऊ महिने घालवले. आमच्या धंद्यात नऊ महिन्यांत अख्खं प्रॉडक्ट जन्माला येतं आणि बंदही पडतं.

हा मान आधी 'सेट'चा होता. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याच्या क्रियापदाचे ४३० अर्थ होते आणि नोंद सुमारे ६०,००० शब्दांची, म्हणजे एक कादंबरीच. पुढे कोशाची फेरतपासणी सुरू झाली, तसा २००० मध्ये 'मेक' पुढे गेला, २००७ मध्ये 'पुट' आणि २०११ मध्ये 'रन'.

सायमन विंचेस्टर या लेखकाच्या मते हे यंत्रयुगाचं काम आहे. घड्याळं, इंजिनं, कारखाने, सगळं 'रन' होऊ लागलं आणि शब्द फुगत गेला. मला हे अर्धंच पटतं. 'रन'ला पाय नसलेल्या गोष्टींची सवय यंत्रांच्या फार आधीपासून होती. जुन्या इंग्रजीतही हा शब्द पाण्याच्या वाहण्याला लागत असे. त्याच घरातला जर्मन 'रिनेन' आजही पाण्याच्या धारेबद्दलच बोलतो. जो शब्द नदीला चालतो, तो नाकाला, रंगाला, अफवेला चालणारच. यंत्रांना तो आयता मिळाला.

क्रिकेटमधली 'रन' तरी सुरुवातीपासूनची असेल ना? तिथेही गंमत आहे. अठराव्या शतकात गुण मोजणारा माणूस काठीवर चाकूने खाच पाडायचा आणि धावेला 'नॉच', म्हणजे खाचच, म्हणायचे. निवडणुकीत अमेरिकन उमेदवार 'रन' करतो, ब्रिटिश उमेदवार 'स्टँड' करतो. आपल्याकडेही उमेदवार उभाच राहतो. धावपळ कार्यकर्ते करतात.

बँकेवरचा 'रन' मात्र भीतीदायक. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनच्या नॉर्दर्न रॉक बँकेबाहेर लोक पैसे काढायला फुटपाथवर रांगा लावून उभे होते. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून लोकांनी एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायची मागणी केली, तीही बरीचशी घरबसल्या. कुणी धावलंच नाही, तरी शब्द तोच.

आमचा 'रन' त्यातल्या त्यात तरुण. १ मे १९६४ला पहाटे चारच्या सुमारास अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि त्यांच्या एका विद्यार्थ्याने शेजारच्या दोन टर्मिनलवर एकाच वेळी 'रन' टाइप केलं. बेसिक भाषेतले दोन प्रोग्रॅम एकाच कॉम्प्युटरवर चालले आणि दोघांना उत्तरं मिळाली. केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांना ही भाषा गणितात न रमणाऱ्या विद्यार्थ्यांनाही जमावी, अशी हवी होती. म्हणून आज्ञाही सोप्या: नवीन, जुनं, दाखव, चालव.

'चालव' म्हटलं खरं, पण इथेच खरी अडचण सुरू होते. मी शेतीपंप मोबाइलवरून चालू-बंद करणाऱ्या एका अ‍ॅपवर काम करतो. अ‍ॅप मराठीत न्यायचं ठरलं, तेव्हा इंग्रजी शब्दांची फाइल आधी भाषांतर करणाऱ्या एका मशिनकडे गेली. फाइलमध्ये शब्द सुटे असतात, कुठल्या स्क्रीनवर दिसणार याचा पत्ता नसतो. 'रन' बटणाचं झालं 'धावा'. यावर ऑफिसात सगळे हसलो.

'ड्राय रन'चं झालं 'सराव'. यावर मात्र हसू येईना. सॉफ्टवेअरवाल्याला 'ड्राय रन' म्हणजे रंगीत तालीमच. पंपाच्या भाषेत त्याचा अर्थ विहिरीतलं पाणी खाली गेलंय आणि मोटर कोरडी चालतेय, असा. पाणबुडी मोटर पाण्यानेच थंड राहते, कोरडी चालत राहिली तर जळते. रात्रीची वीज, शेतकरी घरी, आणि मोबाइलवर संदेश: 'सराव सुरू आहे'. तो कूस बदलून झोपेल, आणि त्यात त्याची चूक काय?

गावाकडच्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "एवढा काय विचार करतोस? लिही, पाणी नाही, मोटर बंद करा." ६४५ अर्थांच्या भानगडीत न पडता काम झालं.

तसं आपणही कमी नाही. भूक लागते, आग लागते, निकाल लागतो, नोकरी लागते, नजर लागते, लग्न लागतं आणि वाटही लागते. एखाद्या परदेशी इंजिनिअरच्या फाइलमध्ये नुसतं 'लागला' एवढंच आलं, तर त्याने काय करावं? दाते-कर्व्यांनी १९३२ ते १९३८ या काळात 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात भाग काढले. ही क्रियापदं सोडवताना त्यांच्या टेबलावर कागदांचा काय ढीग पडला असेल, याचा विचार हल्ली मनात येतो.

आता आमच्या फाइलमध्ये 'रन' चार वेगळ्या ओळींवर आहे, आणि प्रत्येकीपुढे तो कुठल्या स्क्रीनवरचा हे लिहिलेलं आहे. 'सेट'च्या अकरा ओळी अजून बाकी आहेत.