यजमान कोणाला म्हणावे? : २०१७ ची फुटबॉल स्पर्धा, शहापूर आणि मुरबाड

'यजमान' हा शब्द फार लांबचा प्रवास करून मराठीत आलेला आहे. संस्कृतात यजमान म्हणजे स्वतःसाठी यज्ञ करविणारा. मंत्र ऋत्विजांनी म्हणायचे, आहुती त्यांनी द्यायची. खर्च मात्र यजमानाचा, दक्षिणा त्याची, आणि म्हणूनच यज्ञाचे फळही त्याचेच. मराठीत या शब्दाला घरधनी, नवरा, भिक्षुकाचे आश्रयदाते घर, पाहुण्यांचे स्वागत करणारा अशा छटा मिळत गेल्या. पुढे वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांनी 'यजमान संघ', 'यजमान देश' असे जोडशब्द रूढ केले. या प्रवासात शब्दाने पुष्कळ काही मिळवले. पण फळ कोणाचे, हा मूळ अर्थात अंतर्भूत असलेला प्रश्न वाटेत कुठेतरी गळून पडला.

तो पुन्हा विचारण्याचे निमित्त म्हणजे ६ ते २८ ऑक्टोबर २०१७ या काळात भारतात झालेली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक फुटबॉल स्पर्धा. 'फिफा'ची स्पर्धा भारतात भरण्याची ती पहिलीच वेळ होती. दिल्ली, कोलकाता, कोची, गुवाहाटी, मडगाव आणि नवी मुंबई ही तिची सहा केंद्रे. नवी मुंबईचे सामने नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले, आणि नेरूळ प्रशासकीयदृष्ट्या ठाणे जिल्ह्यात मोडते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्यात जे सात तालुके उरले, त्यांत शहापूर आणि मुरबाड हे सह्याद्रीच्या पायथ्याचे, पाड्या-वाड्यांचे, मोठी आदिवासी वस्ती असलेले दोन तालुके आहेत. म्हणजे यजमान देशाचा यजमान जिल्हा कोणता, असे विचारले तर उत्तरात नेरूळच्या बरोबरीने शहापूर-मुरबाडचेही नाव घ्यावे लागते. नकाशावर हे सोपे आहे. प्रत्यक्षात या दोन तालुक्यांच्या वाट्याला यजमानपणातले काय आले, याचा विचार या लेखात करायचा आहे.

अपेक्षेलाही इतिहास असतो. १९५१ साली दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा यजमान भारताने अंतिम सामन्यात इराणला १-० असे हरवून फुटबॉलचे सुवर्णपदक मिळवले होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला. १९६२ साली जकार्तात पुन्हा आशियाई सुवर्णपदक मिळाले. डिसेंबर २०१३ मध्ये यजमानपद भारताकडे आल्यावर या तीन सनावळ्या वारंवार उगाळल्या गेल्या. मार्च २०१६ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही त्या जुन्या यशाचे स्मरण करून देऊन या स्पर्धेविषयी उत्साह निर्माण करण्याचे आवाहन केले. स्मरण खरे होते. पण १९६२ आणि २०१७ यांच्या मध्ये पंचावन्न वर्षे होती. यजमानाला पात्रता फेरी खेळावी लागत नाही, थेट प्रवेश मिळतो. त्यामुळे या पंचावन्न वर्षांचा हिशेब मैदानात मांडण्याची वेळ स्पर्धेपूर्वी आलीच नाही, आणि अपेक्षेला मोकळे रान मिळाले.

त्या अपेक्षेला शासकीय रूप मिळाले ते आकड्याच्या द्वारे. केंद्राच्या उपक्रमाचे नाव 'मिशन इलेव्हन मिलियन' : एक कोटी दहा लाख मुलांपर्यंत फुटबॉल पोहोचवायचा. महाराष्ट्राने त्याला 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन'ची जोड दिली. राज्यातल्या शाळांना चेंडू देण्यात आले, आणि १५ सप्टेंबर २०१७ या एकाच दिवशी राज्यभरातील दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असे ठरले. मराठीत सहज 'दहा लाख' म्हणता आले असते, तिथे 'वन मिलियन' हा उच्चार पसंत केला गेला. साहित्याच्या अभ्यासकाने अशा ठिकाणी थोडे थबकावे. ज्या मुलाने चेंडूला पाय लावायचा, त्याला स्वतःच्या भाषेत मोजता येणार नाही अशा आकड्याचा तो एक अंश होता. आकडा कर्ता झाला आणि मूल त्याचे कर्म.

हा दिवस शहापूर-मुरबाडच्या पंचांगात कुठे बसतो, तेही पाहावे. १५ सप्टेंबर २०१७ म्हणजे भाद्रपदाचा वद्य पक्ष, पितृपक्षाचे दिवस. पाऊस ओसरता, पण गेलेला नाही. खाचरांतून हळवे भात निसवलेले, गरवे पोटरीला आलेले. वरकस जमिनीवर नागली आणि वरी उभी. या डोंगराळ मुलखात सपाट जमीन म्हणजे भाताची जमीन. सप्टेंबरात तिच्यात पीक असते आणि शाळेपुढच्या पटांगणात चिखल असतो. कबड्डीला अंगणाएवढी जागा पुरते, म्हणून ती वाडीवाडीत रुजली. भातकापणी उरकली, खाचरे वाळली की बांध सांभाळून टेनिसच्या चेंडूचे क्रिकेटचे सामने सुरू होतात. म्हणजे इथे मैदान ही कायमची वस्तू नाही. ते दरवर्षी पिकामागून उगवते. फुटबॉलला लांबरुंद सपाटी हवी. ती या तालुक्यांत सापडते ती दिवाळीनंतर.

आणि नेमक्या दिवाळीनंतर दुसरी एक गोष्ट सुरू होते. कातकऱ्यांची आणि इतर भूमिहीन घरांची पुष्कळ कुटुंबे भिवंडी, कल्याण या बाजूच्या वीटभट्ट्यांवर निघतात. सोबत मुलेही जातात. पावसाळा तोंडावर आला की माघारी येतात. २०१७ साली लक्ष्मीपूजन १९ ऑक्टोबरला होते आणि विश्वचषकाचा अंतिम सामना २८ ऑक्टोबरला. कोलकात्यात इंग्लंडने स्पेनला ५-२ असे नमवले, त्या सुमारास इकडे भट्ट्यांचा हंगाम तोंडावर आलेला होता. जमीन मोकळी होते तेव्हा मुले गावात नसतात. मुले शाळेत असतात तेव्हा जमीन मोकळी नसते. एका दिवसाच्या उपक्रमाला ही गाठ दिसणे शक्यच नव्हते, कारण ती दिसायला एक अख्खे वर्ष लागते. चेंडू हा त्या कोड्याचा सर्वांत स्वस्त भाग होता, आणि तोच तेवढा वाटला गेला.

या पूर्वतयारीच्या काळातील वर्तमानपत्री भाषाही तपासण्यासारखी आहे. फुटबॉलचा 'ज्वर', फुटबॉलची 'लाट', 'महाकुंभ', 'रणधुमाळी' हे क्रीडापानांचे ठरीव शब्द. या सर्व रूपकांत एक साम्य आहे : यांतली प्रत्येक गोष्ट ओसरते. ज्वर उतरतो, लाट मागे फिरते, कुंभाचे तंबू उठतात, धुमाळी शमते. रुजणे, फुटवा धरणे, पाझरणे अशी क्रियापदे, जी शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्याच्या तोंडी रोज असतात, ती या वर्णनांत क्वचितच आढळतात. उत्साहाचे वर्णन करताना भाषेने त्याचा शेवटही आधीच सांगून ठेवलेला असतो. आपण तो ऐकत नाही, एवढेच. जून २०१३ मध्ये ब्राझीलच्या लोकांनी तो ऐकला असे म्हणता येईल. पुढच्या वर्षीच्या विश्वचषकाची स्टेडियमे उभी राहत असताना त्यांनी रस्त्यावर येऊन 'फिफा'च्या दर्जाची रुग्णालये आणि शाळा मागितल्या होत्या. फुटबॉलवेड्या देशाने स्वतःच्या यजमानपणाचा अर्थ विचारला, ही घटना लहान नव्हे.

स्पर्धेचा निकाल सर्वश्रुत आहे. यजमान संघ आपले तिन्ही सामने दिल्लीत खेळला आणि तिन्ही हरला : अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. कोलंबियाविरुद्ध ९ ऑक्टोबरला जॅक्सन सिंगने केलेला गोल हा विश्वचषकातील भारताचा पहिला गोल. पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने आपला दुसरा गोल नोंदवला. साऱ्या देशाच्या अपेक्षेला बरोबरीचे समाधान मिळाले ते एवढेच. पराभवाबद्दल त्या मुलांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांनी आपल्या ताकदीपलीकडे झुंज दिली. दुसऱ्या बाजूला, सामने पाहायला आलेल्यांची एकूण संख्या १३ लाख ४७ हजार १३३ झाली आणि १९८५ साली चीनमध्ये झालेल्या पहिल्या स्पर्धेचा विक्रम मोडला. यजमानपण यशस्वी ठरले ते प्रेक्षक म्हणून. त्यातही नेरूळचे साखळी सामने संध्याकाळी पाच आणि रात्री आठ वाजता होते. रात्री दहाच्या सुमारास सुटून ठाणे-कल्याण गाठायचे आणि तिथून आसनगावची लोकल किंवा मुरबाडची एस. टी. धरून आपल्या वाडीत पोहोचायचे, हे शाळकरी मुलाला जमणारे नव्हते. मुरबाडला तेव्हा रेल्वेही नव्हती. यजमान जिल्ह्यातल्या या मुलांना आपल्या घरचे कार्य दूरदर्शन संचावरच पाहावे लागणार होते.

मग त्या संघात कोण होते? एकवीस जणांच्या चमूत आठ मुले मणिपूरची होती, आणि स्पर्धेचे एकही केंद्र मणिपुरात नव्हते. महाराष्ट्रातून कोल्हापूरचा अनिकेत जाधव संघात होता. तो पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत घडला. कोल्हापूरही स्पर्धेचे केंद्र नव्हते. परंतु तिथे संस्थानी काळापासून तालमी आणि पेठांचा फुटबॉल आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे संघ दर हंगामात शाहू स्टेडियमवर एकमेकांशी भिडतात, आणि हरलेल्या पेठेला पुढच्या वर्षीची वाट पाहायची सवय असते. 'पुढचे वर्ष' ही कल्पना खेळाच्या संस्कृतीत सर्वांत मोलाची आहे. ती कोणत्याही मंत्रालयाला एका दिवसात वाटता येत नाही. यजमान नसलेल्या गावांनी खेळाडू दिले आणि यजमान गावांनी खुर्च्या दिल्या, असे या स्पर्धेचे चित्र राहिले.

यापुढची कथा अधिक विचार करायला लावणारी आहे. जानेवारी २०२२ मध्ये महिलांची आशियाई चषक स्पर्धा नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात भरली. २० जानेवारीला नेरूळच्याच मैदानावर यजमान भारताने इराणशी ०-० अशी बरोबरी साधली. २३ तारखेला चायनीज तैपेईविरुद्ध सामना होता. पण कोरोनाच्या संसर्गामुळे संघ उभा करण्याइतक्याही खेळाडू उरल्या नाहीत. भारताला स्पर्धेबाहेर जावे लागले आणि इराणविरुद्धचा सामनाही रद्दबातल ठरला. यजमान घरातून निघून गेले आणि कार्य पार पडले. त्याच वर्षी ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. भारताचे सामने भुवनेश्वरला आणि अंतिम सामना नेरूळला. स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवले. हिशेब मांडला तर २०१७ ते २०२२ या काळातील या तीन स्पर्धांत यजमान संघ यजमान ठाणे जिल्ह्यात एकच सामना खेळला, आणि त्याचीही नोंद पुसली गेली.

अशा स्पर्धांनंतर इंग्रजीतल्या 'लेगसी'साठी मराठीत 'वारसा' हा शब्द योजला जातो. शहापूर किंवा मुरबाडच्या तलाठ्याकडे हा शब्द घेऊन गेले तर तो पहिला प्रश्न विचारील : वारस कोण? नाव सांगा. वारसा हवेत राहत नाही. त्यासाठी फेरफार व्हावा लागतो, सातबाऱ्यावर नाव चढावे लागते. ज्यांच्या नावावर मुळात गुंठाभर जमीन नाही अशा घरांना हे कोणी समजावून सांगायला नको. २०१७ च्या फुटबॉलचा वारसा मिळाला असे म्हणायचे, तर कोणत्या गावची कोणती सपाट जागा मुलांच्या खेळाच्या नावावर चढली, हे सांगता आले पाहिजे. आश्रमशाळांतून, जिल्हा परिषदेच्या शाळांतून दर हंगामात होणारे आपसांतले सामने, भट्टीवर गेलेल्या मुलालाही परतल्यावर आपला संघ जागेवर सापडेल अशी व्यवस्था, चेंडू फाटल्यावर दुसरा मिळण्याची खात्री : वारसनोंद म्हणतात ती याला.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. एक दिवस का होईना, ज्या मुलाच्या पायाला कधी खरा फुटबॉल लागला नव्हता त्याला तो लागला, यात वाईट काय? वाईट काहीच नाही. मुलाचा आनंद खरा असतो. तो मोजणाऱ्यांचा हेतू काहीही असो. किंबहुना त्या आनंदाच्या खरेपणामुळेच प्रश्न गंभीर होतो. अपेक्षा जागवणे हे ऋण आहे. राष्ट्राने मुलांना 'तुम्ही यजमान आहात' असे सांगितले. शब्दाच्या मूळ अर्थाने पाहिले तर 'फळ तुमचे आहे' असे सांगितले. त्या वर्षी बारा वर्षांचे असलेले मूल आज विशी ओलांडून गेले आहे. पुढची स्पर्धा इथे भरेल तेव्हा त्याची मुले शाळेत असतील, आणि पुन्हा चेंडू येतील. तो दिवस सप्टेंबरचा असो की मार्चचा, गावात मुले आहेत का आणि मोकळी जमीन आहे का, एवढे दोन प्रश्न आधी विचारले गेले, तरी यजमान हा शब्द आपल्या अर्थाच्या थोडा जवळ येईल.