एरवी बांधलेला

भाची डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काल तिने पॉल फाल्स्टॅड यांच्या सर्किट सिम्युलेटरमध्ये रिले, म्हणजे विजेने हलणारा स्विच, मांडला. एका बाजूला ५ व्होल्टची कॉइल, दुसऱ्या बाजूला १२ व्होल्टचा दिवा. कॉइलला अजून वीज दिलेली नव्हती, तरी दिव्याच्या तारेतून वीज वाहतेय हे दाखवणारे पिवळे ठिपके पळायला लागले. “मामा, तार एनसीला जोडलीय. एनसी म्हणजे ‘सामान्यतः बंद’. मग दिवा लागला कसा?”

तिची शंका रास्त होती. नळ बंद, दुकान बंद, पंखा बंद म्हणजे काम थांबलं. परिपथ बंद म्हणजे मात्र काम सुरू! इंग्रजीत जोडलेला संपर्क ‘क्लोज्ड’ असतो आणि विझलेला दिवा ‘ऑफ’. आपण दोन्हीकडे ‘बंद’च वापरतो.

‘बंद’ फारसीतून आला आणि तिथे त्याचा मूळ अर्थ बांधणं, बांधायची दोरी. आपल्या ‘बांधणे’मागचा संस्कृत ‘बन्ध्’ आणि हा ‘बंद’ एकाच कुळातले; इंग्रजी ‘बाइंड’ही त्याच घरचा. तो जुना अर्थ मराठीने टाकलेला नाही. बाराबंदीला बारा बंद असतात. दंडाला बांधतात तो बाजूबंद, घोड्याच्या टापेला नाल ठोकतो तो नालबंद. बंदोबस्तात तर ‘बंद’ आणि ‘बस्त’ ही एकाच फारसी क्रियापदाची दोन रूपं शेजारी बसली आहेत; पोलिसांची गाडी आठवण्याआधी त्या शब्दात नुसतं बांधणंच बांधणं आहे.

मग बांधलेल्याचं थांबलेलं कसं झालं? मला वाटतं, उत्तर ‘चालू–बंद’ या जोडीतच आहे. चालू म्हणजे चालणारं. दाव्याला बांधलेलं जनावर चालत नाही. दार, रस्ता, यंत्र, सगळ्यांना हा हिशेब लागू पडला. वीज मात्र उलट्या वळणाची: तारेला तार बांधली की ती चालते, सोडली की थांबते. परिपथ ‘बंद’ म्हणणाऱ्यांनी शब्दाचा जुना अर्थ अचूक पकडला, पण ऐकणाऱ्याच्या कानात नवा अर्थ मुरलेला आहे. शिकवताना कानाचं ऐकावं, असं माझं ठाम मत आहे. आणि ‘सामान्यतः’ तरी कशाला? कॉइलला वीज नसतानाची स्थिती सांगायला ‘एरवी’ हा घरातला शब्द आहे.

इकडे भाचीने कॉइलला ५ व्होल्ट दिले. रिलेची पाती एनसीवरून उठून एनओला, म्हणजे ‘सामान्यतः उघड्या’ संपर्काला, टेकली आणि ठिपके जागच्या जागी थिजले. वीज काढली, पाती परतली, ठिपके पुन्हा धावायला लागले. तिने वही ओढली. एनसीपुढे लिहिलं ‘एरवी बांधलेला’, एनओपुढे ‘एरवी सुटा’, आणि दिव्याची तार उचलून सुट्याला लावली.