राजधानी किती कोसांवर?

नियम एका ओळीत मावतो: जी राजधानी सर्वांत जवळ, तो तुमचा देश. भाषा, धर्म, लढाया, तह सगळं पुसून टाकायचं. नकाशावर फक्त राजधान्यांचे ठिपके ठेवायचे आणि शेजारच्या दोन ठिपक्यांच्या बरोब्बर मधून सरहद्द आखायची. गणितात अशा नकाशाला व्होरोनॉय आकृती म्हणतात. समजा, काल मध्यरात्री हा नियम लागू झाला. चला, बघून येऊ.

तुम्ही कराडला उभे आहात. इथून सरळ रेषेत दिल्ली सुमारे १३०० किलोमीटर आणि कोलंबोही सुमारे १३००. म्हणजे सरहद्द इथेच आसपास आहे. सातारा दिल्लीकडे राहिला, सांगली-कोल्हापूर श्रीलंकेत गेलं. कोल्हापूरच्या माणसाला पुण्याला यायचं तर आता व्हिसा काढावा लागेल. पाटणा आणि काशी काठमांडूकडे, कोलकाता ढाक्याकडे, अमृतसर इस्लामाबादकडे गेलं. तक्रार करायला गेलात तर कचेरीतला माणूस शांतपणे फूटपट्टी दाखवतो. मोजून घ्या म्हणतो.

मग जरा मागे सरका. साल १९५०, तुम्ही मुंबईत आहात आणि नियम तोच आहे. पाकिस्तानची राजधानी या वेळी कराची. मुंबईहून ती नऊशे किलोमीटरच्या आत, दिल्ली मात्र साडेअकराशेच्या घरात. म्हणजे तुम्ही कराचीचे नागरिक. १९५९ साली पाकिस्तान राजधानी उत्तरेला हलवायचं ठरवतं. ती हलली की मुंबई आपोआप दिल्लीकडे येते. गिरगावात एक वीटही हललेली नाही, कुणी मत दिलेलं नाही, तरी तुमचा देश बदलला. तेव्हा रेष कुठून जाते हे विचारू नका. ठिपका कोण ठेवतो ते विचारा.

त्यासाठी चौदाव्या शतकात उतरू. १३२७ च्या सुमाराचं देवगिरी, म्हणजे नवं दौलताबाद. समोर तासून सरळ केलेला कातळ. सहलीत पाहिलेला चांदमिनार शोधू नका. तो उभा राहायला अजून शंभराहून जास्त वर्षं आहेत. दिल्लीहून आलेली बिऱ्हाडं उतरताहेत: दरबारी, मौलवी, कारकून, पाय सुजलेली पोरं. मुहंमद तुघलकानं राजधानी इथे आणली त्याचं कारण बखरकार झियाउद्दीन बरनी सांगतो: हे ठिकाण साम्राज्याच्या मध्यावर आहे, दिल्ली, गुजरात, बंगाल, तेलंगण, द्वारसमुद्र इथून जवळपास सारख्या अंतरावर. तुम्ही मनातल्या मनात नकाशा उघडता आणि गडबडता. गुजरात त्या मानानं शेजारी, बंगाल कुठल्या कुठे! पण सुलतानाचा हिशेब तपासणार कोण?

वाटेवर कान द्या. घंटा वाजतेय. डाकेचा माणूस धावत येतोय, एका हातात पत्र, दुसऱ्या हातात पितळी घंटा लावलेली काठी. तो आवाज ऐकून पुढच्या चौकीतला गडी कंबर कसून तयार होतो. दिल्ली ते दौलताबाद ही चाळीस दिवसांची वाट, दुतर्फा झाडी, मैलाला तीन चौक्या, हे वर्णन प्रवासी इब्न बतूता करतो. आणखीही एक गोष्ट तो सांगतो: सुलतान दौलताबादेत असला की त्याच्या पिण्यासाठी गंगेचं पाणी याच डाकेनं येई. राजधानी मध्यावर आली, पण राजाचा घसा होता तिथेच राहिला. काही वर्षांत लोकांना दिल्लीला परतायची मोकळीक मिळाली. १३४७ मध्ये याच दौलताबादेत बंडखोरांनी हसन बहमनीला तख्तावर बसवलं, आणि दख्खननं आपली राजधानी आपल्याजवळ करून घेतली.

पुढचा मुक्काम पॅरिस, ३ नोव्हेंबर १७८९. राष्ट्रीय सभेत रूआँचा वकील तूरे एक योजना मांडतोय: जुने प्रांत मोडा, सबंध फ्रान्सचे १८ लीग लांबी-रुंदीचे चौकोन पाडा. एक चौकोन म्हणजे एक डिपार्टमेंट, आपल्या जिल्ह्यासारखा. सभेतलाच मिराबो उठून विरोध करतो: जमीन कसली मोजता, माणसं मोजा. शेवटी चौकोन बारगळतात, नद्या-डोंगरांची नावं घेऊन ८३ डिपार्टमेंटं होतात. त्यातला टिकलेला विचार मोलाचा: कुठल्याही नागरिकाला घोड्यावरून एका दिवसात आपल्या मुख्य गावी पोचता यावं. इथे मोजमाप कोसात नव्हतं, माणसाच्या दिवसात होतं. आणि गावोगावची शिष्टमंडळं पॅरिसला धावलीच, ठाणं आमच्याच गावाला द्या म्हणून!

आता लंडन, सप्टेंबर १८५४. सोहो भागात कॉलरा पिसाळलाय. डॉक्टर जॉन स्नो घराघरांत विचारत फिरतोय, पाणी कुठलं भरता? पुढच्या वर्षी तो नकाशावर तुटक रेष काढतो. ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि आजूबाजूचे पंप यांच्यापासून सारख्या अंतरावरचे बिंदू जोडणारी. हे अंतर हवेतलं नाही, रस्त्यानं चालत जायचं. आपल्या नियमाचीच ही धाकटी आवृत्ती, फक्त राजधानीच्या जागी पंप. बहुतेक मृत्यू रेषेच्या आत पडतात.

पण स्नोच्या पाठोपाठ आणखी थोडं चाला. मार्लबरो स्ट्रीटचा पंप काहींच्या दाराशी, तरी पाणी घाण म्हणून लोक त्याला टाळून ब्रॉड स्ट्रीटला जातात. आणि काही मैलांवर हॅम्पस्टेडला एक विधवा बाई. पूर्वी ब्रॉड स्ट्रीटला राहायची, तिथल्या पाण्याची चव जिभेवर. रोज गाडीनं मोठी बाटली मागवायची. त्या भागात कॉलरा नव्हता. ती मात्र कॉलऱ्यानंच गेली. नकाशात ती कुठल्याही रेषेच्या आत बसत नव्हती, स्नोचा मुद्दा मात्र तिच्याच मृत्यूनं पक्का झाला. गंगेचं पाणी मागवणारा सुलतान आणि ही बाई, दोघंही जवळचं सोडून सवयीचं पाणी प्यायली. माणसं देशाशीही अशीच बांधलेली असतात. म्हणून कराडची ती सरहद्द सकाळी कुणी मानणार नाही.

शेवटचा मुक्काम आजचा, सिरोंचा. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाचं हे गाव सरळ रेषेत हैदराबादला सव्वादोनशे किलोमीटर, मुंबईला सातशेच्या वर. नियम म्हणेल, तेलंगणात टाका. पण इथल्या माणसाची अडचण तुम्ही त्याच्याबरोबर एसटीत बसलात की कळते: जिल्ह्याचं गाव दोनशेच्या आसपास किलोमीटरवर, एका कागदासाठी जायचं आणि तितकंच परत यायचं. त्याला दुसरं राज्य नकोय, जवळची कचेरी हवीय. पॅरिसमध्ये १७९० साली हे उमजलं होतं. माणसं ओढून ठिपक्याकडे नेण्यापेक्षा ठिपका माणसांकडे नेणं स्वस्त पडतं, आणि त्यासाठी कुणाला आपलं पाणीही सोडावं लागत नाही.