माळवदावरची विद्या

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत हिंदी महासागरांतील व्यापाराची माहिती देणारा एक ग्रीक ग्रंथ लिहिला गेला. त्यांत 'तगर' नांवाच्या नगराचा उल्लेख आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हें नगर असून तेथून पुष्कळसें जाडेंभरडें कापड व नाना प्रकारचीं तलम वस्त्रें गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जातात, असें त्या अनामिक ग्रंथकारानें नमूद केलें आहे. हें तगर म्हणजेच धाराशिव जिल्ह्यांतील तेर होय, असें १९०१ सालीं डॉ. फ्लीट यांनीं दाखवून दिलें.

समुद्रापार जाणारें कापड अशा रीतीनें इतिहासांत शिरलें. परंतु जें कापड घरींच राहिलें, अंगावर वापरून विटलें व विरलें, त्याचें पुढें काय झालें हें कोणींच लिहून ठेवलें नाहीं. आजच्या काळापुरतें त्याचें उत्तर हवें असेल, तर या भागांतील कोणत्याहि जुन्या घरांत घडी करून ठेवलेली वाकळ उलगडून पाहावी. बाजाराला गेलेल्या वस्तूची नोंद व्यापारी ठेवतो, सरकारी दप्तर ठेवतें. घरांत राहिलेल्या वस्तूची नोंद फक्त आईच्या हातांत असते, आणि ती लेकीच्या हातांत उतरली नाहीं तर पुसली जाते.

धाराशिव जिल्ह्याच्या बाबतींत ही गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानांत होता व उस्मानाबाद या नांवानें ओळखला जात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें शिक्षणहि उर्दूंतूनच चाले. मराठी बोलणाऱ्या खेडेगांवच्या मुलीला शाळेचें दार क्वचितच उघडें सांपडे. तिच्यापुरती शाळा म्हणजे घर, पंतोजी म्हणजे आई, आणि त्या शाळेची भाषा मात्र अस्सल मराठी. या शाळेचें मुख्य सत्र भरे तें उन्हाळ्यांत.

त्यालाहि कारण होतें. बालाघाटच्या डोंगररांगेवरचा हा प्रदेश पर्जन्यछायेचा, पाऊस बेभरंवशाचा. मुख्य पीक रब्बीचा शाळू. तो खळ्यावरून घरांत आला कीं शेतीचीं कामें थोडीं हलकीं होत. चैत्र-वैशाखाचें कडक ऊन हेंच मग या घरांचें फुकटचें इंधन. पुढें पावसाळ्यांत सूर्यदर्शन दुर्मिळ होणार, ओलीं लांकडें पेटणार नाहींत, पेरणीच्या घाईंत रांधण्यास सवड मिळणार नाहीं. त्या दिवसांची बेगमी उन्हाळ्यांतच करून ठेवावी लागे. शहरांतील वाचकांस पापड-कुरडई हा जेवणाच्या ताटांतील शोभेचा पदार्थ वाटतो. या जिल्ह्यांत ती घराची विमापॉलिसी होती.

या शाळेंत इयत्ता होत्या. पांच-सहा वर्षांच्या मुलीनें हातांत काठी घेऊन वाळवणावरचे कावळे हांकावे, ही पहिली. मग पापडाच्या लाट्या मोडणें, पापड लाटणें, सोऱ्या दाबणें. शेवटची इयत्ता चीक शिजविण्याची. कुरडईसाठीं गहूं तीन दिवस भिजत घालावयाचे, रोज पाणी बदलावयाचें, चवथ्या दिवशीं वाटून व फडक्यांतून गाळून पांढरा चीक काढावयाचा. तो रात्रभर खालीं बसला कीं वरचें पाणी ओतून टाकावयाचें आणि मिठाच्या उकळत्या पाण्यांत चीक वैरून एकसारखा ढवळावयाचा. तो झाला कीं नाहीं हें ओल्या बोटानें पाहावयाचें. बोटाला चिकटला नाहीं म्हणजे शिजला. हें ओलें बोट कोणत्याहि पुस्तकांत नीट सांगतां येत नाहीं. आई मुलीचें मनगट धरून तिचें बोट चिकाला लावी, तेव्हां ती विद्या पुढें जाई.

गहूं महाग पडे, म्हणून जोंधळ्याचे प्रकार अधिक. जोंधळा भिजवून, वाटून त्याची दाट पेज शिजवावयाची व जुन्या लुगड्यावर पळीपळीनें पसरून पापड्या घालावयाच्या. वाळल्यावर लुगड्याला मागून पाण्याचा हात लावला कीं त्या अलगद सुटत. उन्हांतून आलेल्या माणसासाठीं आंबील: रात्रीं ताकांत कालवून ठेवलेलें जोंधळ्याचें पीठ सकाळीं पाण्यांत शिजवून, मीठ, जिरें व ठेचलेला लसूण घालून निववावें. कैऱ्या उकडून गूळ घातलेलें पन्हें घरोघर होई. आणि येसूर ही तर मराठवाड्याची खास वस्तु. धान्य व डाळ खमंग भाजून मसाल्याबरोबर दळून ठेवली, कीं वर्षभर केव्हांहि त्या पुडीची दाटसर आमटी करतां येते. भाजी नसली तरी भाकरी कोरडी राहत नाहीं.

सकाळचें वाळवण आटोपलें कीं दुपारीं सुईदोरा निघे. नऊवारी जुनीं लुगडीं वर आणि खालीं, मध्यें धोतरांचे, अंगरख्यांचे तुकडे. कडेपासून आरंभ करून साध्या धावदोऱ्यानें फेऱ्या घालीत मध्याकडे यावयाचें. एका वाकळींत आजीचें लुगडें, आईची चोळी व बाळाचें झबलें एकत्र सांपडतें. पहिलटकरीण लेक माहेरीं येणार असली, तर वापरून मऊ झालेल्या लुगड्याचें दुपटें व कुंची आई आधींच शिवून ठेवी. तुळजापूर-उमरगा भागांतील बंजारा तांड्यांवर याच काळांत दुसरी एक परंपरा चालत असे: आरसे व कवड्या जडविलेलें भरतकाम मुली आईजवळ बसून शिकत.

लेक सासरीं जाई व आपली हातोटी बरोबर नेई. एका गांवची रीत अशा रीतीनें दहा गांवीं पसरे. या विद्येला छापखाना नव्हता. लग्न हाच तिचा प्रसार.

या सगळ्याला जागा लागे ती माळवदाची. जाड दगडी भिंतींवर लांकडी तुळया व फळ्या टाकून वर मातीचा जाड थर दिलेलें सपाट छप्पर म्हणजे माळवद. वाळवण तेथेंच पडे. उन्हाळ्याच्या रात्रीं निजणेंहि तेथेंच. परंतु या जिल्ह्याच्या नशिबीं दोन मोठे आघात आले. १९७२ च्या दुष्काळांत शाळू गेला. लोकांनीं परदेशांतून आलेल्या मिलो नांवाच्या तांबड्या जोंधळ्यावर व सरकारी सुकडीवर दिवस काढले आणि मायलेकी बरोबरीनें खडी फोडावयास गेल्या. ज्या घरांत खावयासच दाणा नाहीं, तेथें वाळवण कोठून होणार? त्यानंतर ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं, भूकंप झाला. लातूर व धाराशिव या दोन जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसें गेलीं. उमरगा भागांतील सास्तूर गांवचीहि फार हानि झाली. मातींत बांधलेल्या दगडी भिंती व जड माळवदें निजलेल्या माणसांवर कोसळलीं. पिढ्यान् पिढ्या ज्या छपरानें घराची बेगमी वाळविली, त्याच छपरानें प्राण घेतले. ज्या घरांतून आजी, आई व मुलगी एकाच रात्रीं गेल्या, त्या घराचें येसूर कसें लागत असे हें आतां कोणासहि सांगतां येणार नाहीं.

पुढें ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. माळवदें गेलीं, हें योग्यच झालें. वाळवण मात्र बाजेवर, अंगणांत, स्लॅबवर पुन्हां पडूं लागलें. आज अनेक बचत गटांतील स्त्रिया शेवया, पापड व मसाले विकून घरास हातभार लावतात. १५ मार्च १९५९ रोजीं मुंबईंत गिरगांवांतील एका गच्चीवर सात स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला व त्यांतून 'लिज्जत' उभें राहिलें, हें सर्वांस ठाऊक आहे. गच्चीवरच्या विद्येला मोल आहे, हें त्यामुळें सिद्ध झालें. परंतु बाजारांत एकच चव टिकते. घरोघरच्या शंभर चवी बाजार सांभाळीत नाहीं.

त्या सांभाळण्याचा दुसरा मार्ग लेखणीचा. मराठींत १८७५ सालीं 'सूपशास्त्र' निघालें. १९१० सालीं लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणी-मित्र' आलें, तर १९७० सालीं कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा'. या पुस्तकांनीं माहेरापासून दूर गेलेल्या कितीतरी मुलींना आधार दिला. तरी बालाघाटावरच्या एकेका घराची रीत त्यांतून मिळावी, अशी अपेक्षा करणें रास्त नाहीं. ती त्या घरच्या लेकीनेंच लिहावयाची आहे. पूर्वीं हें शक्य नव्हतें, कारण जिला येत होतें तिला अक्षर नव्हतें. आतां आईचा हात अजून चालता आहे आणि लेक शिकलेली आहे. असा योग या जिल्ह्याच्या इतिहासांत पूर्वीं आलेला नाहीं.

'अंदाजानें घाल' असें आई म्हणेल. तेव्हां तिची मूठ परातींत रिकामी होण्यापूर्वीं वाटींत ओतून घ्यावी, किती भरली तें पाहावें, तिच्याच शब्दांत लिहावें, आणि मग शेजारीं बसून ओलें बोट चिकाला लावून पाहावें.