दरवर्षी सारवलं जाणारं चर्च

आज आपण जाणार आहोत अमेरिकेत, एका मातीच्या चर्चपाशी. न्यू मेक्सिको राज्यात रांचोस दे ताओस नावाचं गाव आहे. तिथलं सॅन फ्रान्सिस्को दे असीस हे चर्च १७७२ ते १८१६ या काळात बांधलं गेलं. तेव्हा हा मुलूख स्पेनच्या ताब्यात होता.

या चर्चच्या भिंती अडोबीच्या आहेत. अडोबी म्हणजे माती, वाळू आणि गवताची काडी कालवून उन्हात वाळवलेली वीट. ही वीट भट्टीत भाजत नाहीत. त्यामुळे पाणी लागलं की ती पुन्हा माती व्हायला लागते. म्हणून भिंतीवर मातीचाच गिलावा देतात. पाऊस आणि बर्फ हा गिलावा झिजवतात, आतली वीट वाचते. झिजलेला थर पुन्हा द्यायचा, एवढंच. आपल्याकडे घर सारवतात ना, तसंच. तिकडे या कामाला ‘एन्हारे’ म्हणतात, आणि गिलावा देण्याचं काम पूर्वापार बायकांच्या हातात होतं.

आता विचार करा, दरवर्षी एवढ्या मोठ्या इमारतीला माती थापायची म्हणजे किती कटकट! तसंच वाटलं असणार. १९६७ मध्ये चर्चवर सिमेंटचा टणक गिलावा चढवला गेला. एकदा काम करा आणि मोकळे व्हा!

पण झालं उलटंच. सिमेंटला बारीक चिरा जातात आणि पाणी आत शिरतं. मातीच्या गिलाव्यातून ते सहज वाळून बाहेर पडलं असतं. सिमेंटने ती वाटच बंद केली. ओल आत कोंडली आणि विटा मऊ पडू लागल्या. गंमत बघा, १९७० मध्ये याच चर्चला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. बाहेरून सगळं ठणठणीत दिसत होतं, आणि आतून भिंत भिजत होती.

शेवटी १९७९ मध्ये सिमेंट खरवडून काढलं आणि पुन्हा मातीचा गिलावा दिला. तेव्हापासून दर उन्हाळ्यात, जूनच्या सुमारास, गावकरी आणि बाहेरून आलेले स्वयंसेवक एकत्र जमतात. कुणी माती चाळतं, कुणी त्यात काडी आणि पाणी घालून चिखल मळतं, कुणी बादल्या वाहतं. जाणती माणसं भिंतीवर हात कसा फिरवायचा ते दाखवतात. पहिल्यांदा आलेल्याला बहुतेक बादलीच उचलावी लागते, पण तिच्याशिवाय वरचा हात थांबतो, हे त्याला लगेच कळतं.

चित्रकार जॉर्जिया ओकीफ आणि छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स, दोघांनाही या चर्चने वेड लावलं होतं. विशेषतः मागच्या बाजूच्या जाडजूड, गोलसर टेकूंनी. त्यांच्या कामामुळे हा आकार जगभर पोचला. पण तो टिकलाय तो दरवर्षी त्यावर फिरणाऱ्या हातांमुळे.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. सिमेंटने फक्त भिंतीचा श्वास कोंडला असं नाही. दरवर्षी एकत्र यायचं कारणही त्याने काढून घेतलं. ते कारण गेलं की दहा-पंधरा वर्षांत चिखल किती घट्ट हवा, हे सांगणारं माणूसही सापडत नाही. मग इमारत वाचवायची म्हटली तरी वाचवणार कोण?

मराठवाड्यात, सोलापूरकडे पांढऱ्या मातीची धाब्याची घरं अजून दिसतात. पावसाळ्याआधी त्यांच्या धाब्यावर माती टाकायची रीत तुमच्या आजी-आजोबांना माहीत असेल. या सुट्टीत त्यांना विचारा, माती कुठून आणायचे, त्यात काय मिसळायचे. शक्य असेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. आणि घरात, वाड्यात, देवळात कुठे मातीची जुनी भिंत असेल आणि कुणी म्हणालं, ‘सिमेंट मारून टाकू’, तर त्यांना रांचोस दे ताओसची ही गोष्ट नक्की सांगा.